भीतीचा रकाना

लिफ्टला उचकी लागली. एकच. दिवा मिटला, मग अर्धवट उघडला, डोक्यावरचा पंखा दमल्यासारखा थोडा फिरून गप्प झाला, आणि लिफ्ट जिथं होती तिथंच राहिली. मी पहिली गोष्ट काय केली असेल तर हसलो. हसणारच. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या इमारतीत, कंपनीचाच माणूस, कंपनीच्या सगळ्यात मोठ्या मीटिंगला निघालेला, कंपनीच्याच लिफ्टमध्ये अडकतो. दुसऱ्या कुणाचं असं झालं असतं तर मी ते वर्षभर पुरवून पुरवून सांगितलं असतं. आरशात बघून मी म्हटलं, या, बसा. आरशातला माणूसही हसला, पण त्याचं हसू माझ्यापेक्षा जरा उशिरा संपलं असं वाटलं. त्याच्या काखेत लॅपटॉप, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, आणि वरच्या ओठावर घामाची बारीक रेघ. हा का घामाघूम झालाय, असं मी त्याच्याकडे बघून म्हटलं, मनातल्या मनात, आणि मग तो शर्ट माझाच आहे हे आठवलं. बायकोनं सकाळी इस्त्री करून दिला होता. म्हणाली होती, आज तरी जरा गंभीर तोंड करून जा. मी गंभीर तोंड करून दाखवलं तर ती इतकी हसली की इस्त्री बाजूला ठेवावी लागली.

मीटिंग एकाच गोष्टीसाठी होती. बनवायचं का घ्यायचं. शहरात कुठं कोण अडकलंय आणि त्याच्याकडे कुठल्या मेकॅनिकनं आधी जायचं, हे ठरवणारा आमचा प्रोग्रॅम मी लिहिलाय. एकट्यानं, याच इमारतीत, केस काळे होते तेव्हा. आता तो म्हातारा झालाय. नव्या मोबाइलवर उघडताना कण्हतो, मध्येच विसरतो, आणि त्याच्या पोटात काय चाललंय ते माझ्याशिवाय कुणाला कळत नाही. आमची मालकीण, म्हणजे मोठ्या साहेबांची मुलगी, जिला सगळं ऑफिस पाठीमागं धाकटी म्हणतं, तिनं दोन वाटा समोर ठेवल्या होत्या. एक, मी सगळं नव्यानं लिहायचं, हाताखाली माणसं घ्यायची, हवा तेवढा वेळ घ्यायचा. दुसरी, बाजारात तयार मिळतं ते घ्यायचं. मग मी काय करायचं, ते तिनं सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. माझं वय असं आहे की कुठं नोकरी मागायला गेलो तर समोरचा विचारेल, मुलासाठी का? तयार मालवाला मागच्या आठवड्यात येऊन सगळं दाखवून गेला होता. उन्हातही टाय घालून आला, म्हणून तो टायवाला. मी त्याला विचारलं, दोघं एकदम अडकले तर आधी कोण? तो म्हणाला, सर, ज्याचा फोन आधी तो आधी. मी म्हटलं, म्हणजे तिकिटाच्या खिडकीसारखं. सगळे हसले. टायवालाही हसला, पण त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मी मनात म्हटलं, गेला हा. कारण माझ्याकडे जे होतं ते त्याच्याकडे नव्हतं. जगात कुणाकडेच नव्हतं. माझ्याकडे भीतीचा रकाना होता.

तो असा. अडकलेला माणूस लिफ्टमधली घंटा दाबतो, घंटेखालच्या स्पीकरच्या जाळीतून बोलतो, आणि आमच्याकडे फोनवर बसलेलं माणूस त्याचा आवाज ऐकून एक आकडा टाकतं. शून्य ते पाच. आकड्यांची नावं मीच ठेवली आहेत. शून्य म्हणजे निवांत. एक म्हणजे कावलेला. मग बेचैन, मग घाबरलेला, मग रडकुंडीला आलेला. पाच म्हणजे आधी याला काढा. ज्याचा आकडा मोठा, त्याच्याकडे मेकॅनिक आधी. मग तो मागून आलेला का असेना. मोठे साहेब होते तेव्हा त्यांना हे इतकं आवडलं की ते येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला खुर्चीवर बसवून दाखवायचे. मी सांगायचो की एकदा एक लहान मुलगी अडकली होती, आणि तिच्या आधी आम्ही एका जाड्या वकिलाला काढलं, तो आत बसून केळं खात होता, तेव्हा मला हे सुचलं. वकील खरा होता, केळं मी घातलं. आणि रांगेत घुसायला कुणालाच जागा ठेवली नव्हती. बडे लोक फोन करायचे, आमचा मेहुणा अडकलाय, आधी बघा. म्हणून मी असं करून ठेवलं की मालकानं सांगितलं तरी क्रम बदलत नाही. आकडा बदलला तरच बदलतो. आणि आकडा आवाजावरूनच टाकायचा. मी घाबरलोय असं जो स्वतःहून सांगतो त्याचं धरायचं नाही, कारण घाईतले लोक खोटं बोलतात. हे सगळं मी आज पडद्यावर दाखवणार होतो. शेवटचं चित्र म्हणजे नुसता तो रकाना, मोठा करून, आणि खाली लिहिलं होतं, हे विकत मिळत नाही.

मी घंटा दाबली. जाळीतून खरखर आली आणि मग आत्याचा आवाज. आत्या म्हणजे मोठ्या साहेबांची सख्खी बहीण. धाकटीची आत्या, म्हणून सगळ्या ऑफिसची आत्या. ती पहिल्यापासून फोनवर आहे. गंमत म्हणजे तिचा आवाज मला दोनदा ऐकू आला. आधी भिंतीतून, दबलेला, खरा, आणि लगेच जाळीतून, पत्र्याचा. म्हणजे ती अगदी पलीकडंच होती. एका भिंतीपलीकडं.

"कोण अडकलंय?" ती म्हणाली.

"तुमचा लाडका."

"तू होय रे टवाळा? अरे, वर सगळे तुझी वाट बघतायत."

"मी पण माझीच वाट बघतोय. अर्ध्यात लटकलोय, आत्या. चहा असेल तर दोरीनं सोडा."

आत्या हसली, दोनदा. मग एक बटण दाबल्याचा आवाज आला, टक्, आणि तोही मला ओळखू आला. आत्याच्या कीबोर्डवर शून्याचं बटण सैल आहे. ते दाबलं की नंतर हलकं थरथरतं. आत्यानं मला शून्य टाकलं. मला आवडलंसुद्धा. वाटलं, बघा, याला म्हणतात माणूस ओळखणं. टायवाल्याला जमेल का हे?

"वीज जाऊन आली ना, अख्ख्या भागातल्या लिफ्ट बसल्यात," आत्या म्हणाली. "फोनवर फोन चाललेत. बस जरा. पक्कड इथंच आहे, डबा खातोय."

पक्कड म्हणजे आमचा सगळ्यात जुना मेकॅनिक. कुणाचा हात धरला की आपली गोष्ट सांगून होईपर्यंत सोडत नाही, म्हणून पक्कड. तो इथंच आहे म्हटल्यावर मी निर्धास्त झालो. लिफ्ट एकदा अशी दचकली की वीज परत आली तरी आपण होऊन हलत नाही. कुणीतरी गच्चीवरच्या यंत्राच्या खोलीत जाऊन तिला समजावावं लागतं. पक्कडला ते हातचा मळ. मी लॅपटॉप खाली ठेवला, पाठ टेकली. स्टीलचा पत्रा शर्टातून गार लागला. अर्धवट दिवा पिवळट होता, आजारी माणसाच्या खोलीत ठेवतात तसा. दारांच्या मधे एक काळी फट होती, तिच्यातून रबराचा आणि जुन्या वंगणाचा वास येत होता, आणि त्या वासाखाली दुसरा एक वास होता, थंड, खोल. तो कसला ते मला माहीत होतं. इतकी वर्षं या धंद्यात आहे. तो विहिरीसारख्या त्या मोकळ्या जागेचा वास होता. माझ्या बुटांखाली एक पत्रा, आणि पत्र्याखाली काही नाही. आमच्याकडे नवीन माणूस आला की मी त्याला समजावून सांगतो, लिफ्ट पडत नसते, बाबा, दोर तुटले तरी पडत नसते, खाली धरणारे चिमटे असतात. हे मी आता स्वतःला समजावून सांगितलं. माझ्याच आवाजात सांगितलं, आणि मला पटलं नाही. एवढ्या लोकांना सांगितलं, त्यातल्या कुणाला तरी पटलं असेल का, कुणास ठाऊक. ते मान डोलवायचे. आता मीही मान डोलवत होतो, आरशात.

मग जिन्यावर शीळ ऐकू आली. पक्कड डबा खाल्ला की शीळ वाजवतो, नेहमी तीच, अर्धी. मी दारावर थाप मारली आणि म्हटलं, या महाराज, आरती ओवाळायला कुणाला बोलवू? शीळ थांबली. पण ती वर गच्चीकडे जाता जाता थांबली नव्हती. ती खाली जाता जाता थांबली होती.

"साहेब, तुम्ही होय," पक्कड फटीतून म्हणाला. आवाज माझ्या गुडघ्याच्या उंचीवरून येत होता. "अहो, तुम्ही निवांत यादीत आहात. तिकडं दवाखान्यामागं एक बाई अडकल्यात, रडून रडून हैराण. पाच आकडा आलाय. तिकडं जाऊन येतो."

"अरे, मी इथं हाताच्या अंतरावर आहे. जाता जाता वर जाऊन ये की."

"मोबाइलवर तुमचं नावच दाखवत नाही, साहेब. खाली गेलंय. आणि क्रम सोडून गेलं तर दिवसाची हजेरी जाते. तुम्हीच करून ठेवलंय ना ते." तो हसला. प्रेमानं हसला. "आलोच. तोवर एखादा जोक रचून ठेवा."

शीळ खाली गेली. खालचं दार वाजलं, मोटरसायकल सुरू झाली. त्या आवाजाच्या मागोमाग माझं मन रस्त्यावरून गेलं, सिग्नलपर्यंत, औषधांच्या दुकानापर्यंत, वळणापर्यंत, आणि मग आवाज संपला आणि मी पुन्हा पत्र्याच्या डब्यात.   मी घंटा दाबली.

"आत्या, तो गेला."

"हो रे, काय करू? आणखी दोघं आलेत. एक म्हातारे आहेत, देवाचं नाव घेतायत. एक कॉलेजची मुलगी आहे, तिला श्वास लागलाय. तू काय, तुला आरसा आहे, बस बोलत."

"आत्या, मला पण जरा कसंतरी होतंय."

"होणारच. भाषण पाठ केलं होतंस ना?" ती म्हणाली, आणि पलीकडं कुणालातरी सांगितलं, टवाळ म्हणतोय कसंतरी होतंय. पलीकडं हशा पिकला. भिंतीतून आधी आणि जाळीतून नंतर. मीही हसलो. मला थांबवताच येईना. कुणी हसलं की माझ्या तोंडातून हसू निघतं, जसं डॉक्टरनं गुडघ्यावर हातोडी मारली की पाय उडतो. हसता हसता माझा उजवा हात मला दिसला. तो गज धरून होता, तोल सांभाळायला लावतात तो कमरेइतका गज, आणि बोटांची पेरं पांढरी पडली होती. हात गार होता आणि पार ओला होता. लहान मूल नळाखालून काढतं तसा ओला. हा हात मी आधी धरला होता. हा माझा हात नव्हता.

वडिलांचा होता. माझे वडील माझ्यापेक्षा मोठे टवाळ. घराच्या दारात आलेला वसुलीवाला त्यांच्याशी गप्पा मारून पैसे न घेता हसत परत जायचा, आणि आई म्हणायची, या माणसानं मला आयुष्यभर हसवून रडवलं. एक दिवस दुपारी ते म्हणाले, छातीवर कुणीतरी बसलंय आणि उठायला तयार नाही, वजनावरून तुझा मामा वाटतो. आम्ही दवाखान्यात गेलो. लांबलचक बोळ, भिंतीला लाकडी बाक, फिनाइलचा वास. बाकावर विव्हळणारे लोक होते. एकाचा हात मोडला होता, तो ओरडत होता. एक बाई पोटाला धरून वाकली होती. नर्स आली, वडिलांना विचारलं, काय होतंय? वडील म्हणाले, सिस्टर, तुमच्या भिंतीवरचं घड्याळ बंद आहे का मीच पुढं निघालोय? ती हसली. चांगली होती ती. मी किती वेळा आठवून बघितलंय, ती मनापासून हसली होती, दमलेली असून. म्हणाली, आजोबा, तुम्ही ठणठणीत आहात, जरा बसा. आणि हात मोडलेल्याला आत घेऊन गेली. मग पोट धरलेलीला. वडील प्रत्येक वेळी काहीतरी बोलत होते आणि मी हसत होतो, कारण ते खरंच विनोदी होतं, अजूनही आहे. फक्त त्यांचा हात माझ्या हातात होता. गार. पार ओला. तोंड एक सांगत होतं आणि हात दुसरं, आणि मी तोंडाचं ऐकलं. नर्सनं तोंडाचं ऐकलं. तो हात तिनं धरला असता तर. पण तिनं कशाला धरावा? तिचं काम ऐकण्याचं होतं. शेवटी त्यांना बोलावलं तेव्हा ते उठले नाहीत. मला क्षणभर वाटलं की हीसुद्धा गंमत आहे.

हे मी लिफ्टमध्ये आठवायला नको होतं. आठवणी आल्या की हवा कमी होते. तेवढ्यात जाळीशेजारच्या कोपऱ्यात पत्रा करकरला, आपोआप, आणि लिफ्ट एक बोटभर खाली सरकली. बोटभरच. लिफ्ट थंड झाली की असं होतं, माहिती आहे मला, नवीन माणसांना सांगतो मी.  मी गजाला धरून हळूहळू खाली बसलो. इस्त्रीचा शर्ट पत्र्यावर घासत गेला. आणि खाली बसल्यावर, अगदी त्या उंचीवर, मला कळलं की मी कुठं बसलोय. लहान मुलगी नव्हती त्या गोष्टीत. वकीलही नव्हता, तोही मीच घातला होता. मला तो बोळ मोडायचा होता. इतकी वर्षं मला वाटत होतं की घाबरलेला माणूस आधी आत जावा, म्हणून मी हे बनवलं. आणि जे बनवलं तो बाक होता. तोच, लाकडी, भिंतीला लावलेला, जो ओरडेल तो आत आणि जो हसवेल तो बाकावर. मी त्याला नाव दिलं निवांत. त्या यादीत आजवर किती लोक बसून गेले असतील, आत्याला हसवून, ओला हात गजावर ठेवून. आमच्याकडे म्हणतात, निवांत लोक चांगले, काही त्रास देत नाहीत. काढल्यावर थँक्यू म्हणतात आणि भराभरा जिन्यानं निघून जातात. जिन्यानं. आम्ही कधी विचारलं नाही, हे सगळे निवांत लोक वर जायचं असलं तरी जिन्यानं का जातात.

मी घंटा दाबली. गुडघ्यावर उठून दाबावी लागली.

"आत्या, माझा आकडा बदला."

"कितीचा करू? दहा?"

"पाच करा. मला खरंच भीती वाटतेय."

"सांगून मिळत नाही रे. नियम तुझाच." तिला मजा येत होती. तिचा सगळा दिवस रडणाऱ्या लोकांशी बोलण्यात जातो, मी तिचा विरंगुळा होतो. "आवाजात पाहिजे. जरा रडून दाखव."

मी रडून दाखवलं. नकला मी लहानपणापासून करतो, ऑफिसात प्रत्येकाची करतो, समोर करतो. घाबरलेल्या माणसाचा आवाज कसा असतो ते मला पाठ आहे. रकाना बनवताना अशा आवाजांच्या टेप मीच आत्याला ऐकवल्या होत्या. मी श्वास तोडला, आवाज चिरकवला, आई गं म्हटलं. हुबेहूब केलं. आणि ते हुबेहूब होतं म्हणूनच ती ओळखणार हे मला करता करताच कळत होतं, आणि तरी करत होतो, आणि आत खरी भीती गप्प बसून माझी नक्कल बघत होती.

"वा," आत्या म्हणाली. "मीटिंगमध्ये हे कर. धाकटी खूश होईल."

मग मी बोललो नाही. ठरवून नाही. जीभ टाळूला चिकटली. जाळीतून आत्या म्हणाली, "काय रे? ऐकतोयस ना? अरे?" मी तोंड उघडलं आणि नुसती हवा आली. गप्प माणसाला कुठला आकडा? मी आठवू लागलो. मीच लिहिलंय, मला माहीत असायला पाहिजे. लिहिताना हा प्रश्न आला होता, आणि मी ठरवलं होतं की काही ऐकूच आलं नाही तर रकाना जसा आहे तसा राहील. जसा आहे तसा. माझा शून्य होता. मग भिंतीतून, जाळीतून नाही, कारण तिनं जाळीचा फोन ठेवला होता, आत्याचा खरा आवाज आला. ती कुणालातरी सांगत होती, "गप्प झाला. झोपला असेल, त्याला काय."

त्यानंतर किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. दिवा आणखी पिवळा झाला. फटीतून जिन्यावरची पावलं ऐकू यायची आणि जायची. माणसं बोलत होती, कुणीतरी फोनवर भांडत होतं, कुणीतरी शिंकलं. सगळे आपापल्या कामात, एका भिंतीपलीकडं, आणि सगळ्यांना माहीत होतं की मी इथं आहे आणि मजेत आहे. हीच भीती होती. लिफ्ट पडेल ही नव्हती. सगळ्यांना माहीत असताना, सगळ्यांची लाडकी व्यक्ती म्हणून, हसऱ्या तोंडानं मी इथंच संपेन, आणि दार उघडल्यावर क्षणभर त्यांना वाटेल की ही गंमत आहे. मी आरशाकडे पाठ केली. त्याच्याशी बोलायची माझी हिंमत नव्हती.

पक्कड सगळ्यांना काढून झाल्यावर आला. आधी शीळ, मग गच्चीवर धडधड, मग पंखा फिरला, दिवा भक्कन पेटला आणि लिफ्ट शहाण्या मुलीसारखी वर गेली. दार उघडलं तेव्हा मी उभा होतो. शर्ट खोचला होता, लॅपटॉप काखेत होता. समोर आत्या, चष्मा डोक्यावर सरकवलेला. "झोप झाली का?" ती म्हणाली. मला म्हणायचं होतं की आत्या, हात धरा. तोंडातून आलं, "उशी तेवढी कडक होती." ती माझ्या पाठीवर थोपटून आत गेली. मीटिंगची खोली अजून एक मजला वर होती. लिफ्टचं दार माझ्यासाठी उघडंच होतं. मी जिन्यानं गेलो.

आत सगळे बसले होते. टेबलाच्या टोकाला धाकटी, तिच्याशेजारी टायवाला, त्याचा टाय आज निळा. मी आत शिरलो आणि टाळ्या पडल्या. मी वाकून मुजरा केला. तो आपोआप होतो. माझी खुर्ची ओढली आणि बसलो. काचेचं टेबल, पाण्याचे ग्लास, भिंतीवर पांढरा पडदा, ज्याच्यावर थोड्या वेळात लिहिलेलं यायचं होतं, हे विकत मिळत नाही.

"बोला काका," धाकटी म्हणाली. ती मला अजून काका म्हणते, शाळेतून येऊन माझ्या टेबलाखाली बसायची तेव्हापासून. "तुमचं ऐकून मी आज ठरवणार आहे. बनवायचं का घ्यायचं?"

"घ्या," मी म्हटलं.

खोली हसली. टायवालाही हसला, सावधपणे. धाकटी म्हणाली, "झालं? आता खरं सांगा."

"खरंच सांगतोय. याचं घ्या. तिकिटाची खिडकी घ्या."

पुन्हा हशा. हिशेबाचे गृहस्थ डोळे पुसायला लागले. मी त्यांच्याकडे बघितलं आणि मला तोच बोळ दिसला, चांगली माणसं, दमलेली, मनापासून हसणारी. आणि माझं तोंडही हसत होतं. मला ते जाणवत होतं, गालांवर ताणलेलं. आता जर मी आणखी एक शब्द बोललो असतो तर तोही विनोद झाला असता. म्हणून मी बोललो नाही. मी टेबलाखालून उजवा हात काढला आणि काचेवर ठेवला. सपाट. मग उचलला.

काचेवर पंजा उमटला. पाच बोटं, तळवा, अंगठ्याचा फुगवटा. बोट पाण्यात बुडवून काढावं तसा ओला, आणि कडांना थेंब. हसणं एकदम बंद झालं नाही. ते आधी हिशेबवाल्यांचं संपलं, मग बाकीच्यांचं. धाकटी त्या पंज्याकडे बघत होती. तिनं हळूच हात पुढं केला आणि माझ्या बोटांवर ठेवला, आणि लगेच काढला नाही. तिचा चेहरा लहान झाला, टेबलाखालच्या मुलीएवढा.

"काका," ती म्हणाली, "आत्यानं तुम्हाला किती आकडा टाकला होता?"

मी दुसऱ्या हाताची बोटं मिटून मूठ दाखवली. शून्य.

"आपण रकाना सुधारू शकतो," ती म्हणाली. "तुम्ही नव्यानं लिहा. गप्प बसणाऱ्यांसाठी काहीतरी, हसणाऱ्यांसाठी काहीतरी."

माझ्या मनात ते सगळं सर्रकन उभं राहिलंसुद्धा. हसणाऱ्याला दोन आकडे जास्त, गप्प बसला तर दर मिनिटाला एक. लिहायला हात शिवशिवले. आणि मग कळलं की उद्या तिसराच कुणी येईल, जो रागावतो, जो गाणं म्हणतो, जो हिशेब विचारतो, आणि त्याच्यासाठी माझ्याकडे काही नसेल, आणि तो खाली जात राहील. कुणाचा हात कसा आहे ते मला कधीच दिसणार नव्हतं. आणि रकाना काढून टाकला, तर माझ्या प्रोग्रॅममध्ये उरतं ते बाजारात मिळतंच, आणि तिथं ते कण्हत उघडत नाही. उरतो मी. माझं काय, ते अजून कुणी सांगितलं नव्हतं. दवाखान्यामागच्या त्या रडणाऱ्या बाईला उद्या माझ्यासारख्या कुणाच्या तरी मागं थांबावं लागेल, याचंही मला भय वाटत होतं. ती आज माझ्याआधी सुटली ते बरं झालं असंही वाटत होतं. हे सगळं मला बोलायचं होतं. 

मी टायवाल्याकडे वळलो. घसा खाकरला. "तुमच्यात घाबरलाय की नाही ते विचारतात?"

"नाही सर," तो म्हणाला. तो आता हसत नव्हता, कानाच्या पाळ्या लाल होत्या. "आम्ही फक्त वेळ बघतो. तुम्ही घंटा दाबली, की तुमचा नंबर लागला. मग तुम्ही काहीही बोला."

"काहीही?"

"काहीही, सर. किंवा नका बोलू."

धाकटीनं माझ्याकडे बघितलं. मी होकारानं मान हलवली. पडदा पांढराच होता, लॅपटॉप मी उघडलाच नाही. टायवाला बॅगेतून कागद काढायला लागला. काचेवरचा पंजा कडांनी वाळत चालला होता, आधी बोटांची टोकं, मग बोटं, आणि मी तो पुसला नाही. तळव्याची ओल तेवढी बराच वेळ राहिली.